वेचून काढलेले दाणे

भादवा अर्धा सरला तरी पाऊस परतला नव्हता. भाताच्या बांधीत टाचभर पाणी होतं तेही आटलं, चिखलाला भेगा पडायला लागल्या आणि निंदणीचं काम एकदमच बंद झालं. सुकलेल्या बांधीत मजूर कोण लावणार? कुरमुंडा गावातल्या बायका आपापल्या ओसरीवर बसून पिकाची नि पावसाची उणीदुणी काढू लागल्या. मनटोरा बसणाऱ्यातली नव्हती. पण सकाळच्या पहिल्या दोन घटका तिलाही बसावंच लागायचं, कारण मांडीवर सूप असायचं आणि सुपात तांदूळ.

एक पाय लांब, एक पाय दुमडलेला, पाठ भिंतीला. डोळे तांदळाच्या इतके जवळ की नाकाचा वारा दाण्यांना लागावा. रेशनच्या तांदळात गेल्या साली वेगळेच दाणे यायला लागले होते. आकार तांदळाचाच, पण एकाच साच्यातून काढलेले, जरा पिवळट, उजेडात धरले तर धुरकट दिसणारे. शंभरात एखादा. सगळा गाव म्हणत होता, हे प्लॅस्टिक आहे. कुणी सांगे विस्तवावर धरलं तर वितळतं, कुणी सांगे भाताचा गोळा आपटला तर चेंडूसारखा उसळतो. शेजारच्या सुखबतीनं तर पंचायतीच्या ओट्यावर खरोखर गोळा आपटून दाखवला होता. तो उसळला नाही, पण फुटलाही नाही, आणि लोकांना तेवढं पुरलं.

मनटोरा तो दाणा नखानं उचलायची आणि शेजारच्या काचेच्या बरणीत टाकायची. बरणी लोणच्याची होती. कधी कुणी साहेब गावात आलाच तर त्याच्या पुढ्यात ती ठेवायची, असं तिनं ठरवलं होतं.

"किती झाले आज?" आतून नवरा, बिसौहा, विचारायचा. आषाढात चिखलात घसरून त्याचा गुडघा गेला होता. तेव्हापासून तो दारात बसून दोर वळत असे.

"मोजायला मी काय तलाठी आहे?"

"आमच्या तांदळातलेही वेच की जरा. का मी प्लॅस्टिक खाऊन मेलो तर बरं?"

"तुमची हाडं पिकलीत. दोन दाण्यांनी काही होत नाही तुम्हाला. आणि मला तरी कोण वेचून घालतंय?"

हे रोजचंच होतं. घरभराचा तांदूळ वेचायचा तर दिवस पुरला नसता. म्हणून मनटोरानं चुलीवर दोन भांडी चढवायला सुरुवात केली होती. मोठं पातेलं दोघा म्हाताऱ्यांचं, त्यातला तांदूळ आला तसा धुऊन टाकलेला. छोटी बटलोई सुनेची, तिच्यातला दाणा न् दाणा वेचलेला. एका बटलोईपायी जळण जास्त लागायचं, ते ती डोक्यावरून आणायची.

सुनेचं नाव केंवरा. तिला सहावा संपत आला होता. रमेसर, मनटोराचा एकुलता मुलगा, शहरात इमारतीच्या कामावर होता. ठेकेदारानं मजुरी दिवाळीपर्यंत अडकवून ठेवली होती, त्यामुळे त्याच्याकडून येत होता तो फक्त फोन. केंवराला माहेर नव्हतं. आईबाप लहानपणीच गेले, काकाच्या घरी वाढली, मग सरकारी आश्रमशाळेत आठवीपर्यंत राहिली. बोलणं कमी, खाणं त्याहून कमी. ताट वाढलं की आधी इकडेतिकडे बघायची, सगळ्यांचं झालंय ना म्हणून. ही काकाच्या घरची सवय. मनटोराला ती बघवत नसे.

त्या आठवड्यात मितानिन आली. मितानिन म्हणजे गावातली आरोग्याची बाई, दुलारी तिचं नाव. तिनं केंवराचं बोट टोचलं, कागदावर रक्त घेतलं, यंत्रात घातलं, आणि आकडा बघून ओठ चावले.

"काकी, हिचं रक्त फार कमी आहे. सव्वासात."

"म्हणजे किती?"

"अकरा पाहिजे. सातच्या खाली गेलं की मला जिल्ह्याला न्यावं लागेल, बाटली चढवायला. रक्त एवढं कमी असलं आणि बाळंतपणात थोडं जरी जास्त गेलं ना, तर बाई हाती लागत नाही. खोटं नाही सांगत."

ओसरीवर सुखबती होती, पलीकडची बुधियारिन होती. त्यांच्यादेखत दुलारीनं विचारलं, "घरात खायला काय देता हिला?"

प्रश्न साधाच होता. पण मनटोराचा चेहरा उतरला. सगळ्या टोल्यात, म्हणजे वस्तीत, तिचं नाव होतं, की या बाईच्या चुलीवर काही नसलं तरी काहीतरी शिजतं. दुष्काळाच्या साली तिनं चार पोरांचं घर कोवळ्या बांबूच्या कोंबांवर आणि चिंचेच्या पाल्यावर काढलं होतं. त्यातला एक रमेसरच राहिला, पण बाकीचे गेले ते भुकेनं नव्हे, तापानं. आणि आज तिला कुणी विचारावं, सुनेला खायला देतेस का.

"आम्ही खातो त्याच्या आधी खाते ती," मनटोरा म्हणाली. आवाज जरा चढलाच.

"तसं नाही काकी. हिरवा पाला पाहिजे, डाळ पाहिजे, अंडं, गूळ. आणि या लोहाच्या गोळ्या, रोज एक."

दुलारी गोळ्यांची पट्टी ठेवून निघून गेली. तिला अजून तीन टोले फिरायचे होते. बुधियारिन उठता उठता म्हणाली, "अंडं, गूळ! सांगायला काय जातं." ती मनटोराच्या बाजूनंच बोलली होती, तरी मनटोराला ते लागलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं कंबर कसली. घरात तांदूळ होता, त्याची चिंता नव्हती. बाकी सगळं शोधायचं होतं. तेल बाटलीच्या तळाला होतं. डाळ एक डबा, तोही अर्धा. बाजाराला जायचं म्हणजे हातात काही हवं, आणि हातात काही नव्हतं.

पहाटे ती शेवग्याच्या झाडावर काठी मारून पाला पाडायची. तो पाला, मूठभर डाळ आणि भाताची पेज एकत्र शिजवायची. पेज तिच्या घरात कधी सांडली गेली नाही. वर लसणाच्या दोन पाकळ्या विस्तवात भाजून ठेचलेल्या, एक सुकी मिरची, चिंचेचा कोळ. तेलाचा थेंब नाही, पण बिसौहा ताट बोटानं पुसून घ्यायचा. तळ्याकाठी करमत्त्याची भाजी वाढलेली होती, पडीत चेंचभाजी होती. ती ओलीच खायची नाही तर सुकवून ठेवायची, पुढच्या दिवसांसाठी.

पावसानं दगा दिला, पण आटत्या पाण्यानं एक केलं, बांधीच्या कडेचे खेकडे उघडे पाडले. मनटोरा गुडघाभर चिखलात हात घालायची. एकदा खेकड्यानं तिच्या अंगठ्याजवळचं मांस तोडलं, तिनं तसाच हात झटकला आणि त्याच खेकड्याला टोपलीत टाकलं. गोगलगायी मिळायच्या. शेपटाकडून टोक फोडायचं, राखेनं तीनदा धुवायचं, आंबट घालून शिजवायचं. तासाभराच्या कामाला वाटीभर मांस. ती वाटी केंवराची.

"दाई, तुम्ही घ्या ना," केंवरा म्हणायची. आमच्याकडे आईला दाई म्हणतात. केंवरानं लग्नाच्या पहिल्या दिवसापासून सासूला तेच म्हटलं.

"मला गोगलगाय बाधते."

"मागल्या वर्षी तर खाल्लीत."

"मागल्या वर्षी बाधली नव्हती. गप जेव."

बिसौहा हसायचा. "हिला आजकाल सगळंच बाधतं. अंडं बाधतं, खेकडा बाधतो. मलाही बाधायला लागलंय, बरं का सूनबाई."

कोंबडी एक होती, एक दिवसाआड अंडं द्यायची. ते अंडं आजवर दुकानात जायचं, त्याबदली मीठ नाही तर साबण यायचा. आता ते केंवराच्या पानात जायला लागलं. मीठ संपल्यावर मनटोरा बुधियारिनकडून मागून आणायची आणि कपडे राखेच्या पाण्यात धुवायची. राखेनं तिचे हात फाटले.

गोळ्या मात्र केंवराला सोसत नव्हत्या. घेतली की घटकाभरात उलटी. उलटीत खाल्लेलंही जायचं. मनटोरा परसात उभी राहून बघायची, तिथं तिची सकाळभराची मेहनत मातीत पडलेली असायची, आणि तिला रडू यायचं. ते रडू दयेचं किती नि रागाचं किती, तिलाच कळत नसे. मग दोन दिवस गोळी राहायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा द्यायची.

आणि वेचणं. ते एका दिवसालाही चुकलं नाही. बाकीचं अन्न मिळेल तसं, पण भात रोजचा, तिन्ही वेळचा. सकाळी रात्रीचा भात पाण्यात घातलेला, ती बासी. दुपारी भात, रात्री भात. त्या भातात विष राहून कसं चालेल? मनटोराच्या मानेत गाठ आल्यासारखं दुखायचं. डोळ्यांतून पाणी यायचं, ती पदरानं पुसायची आणि पुन्हा सुपावर वाकायची. केंवरा दाराच्या चौकटीला टेकून बघत राहायची.

"मी वेचू का दाई?"

"तू वाकू नकोस. पोट दबतं."

"बसूनच तर वेचायचं."

"सांगितलं ना. जा, आडवी हो."

ती आडवी व्हायची नाही. तिथंच उभी राहायची, सूप रिकामं होईपर्यंत.

सातवा लागला तशी सधौरी आली. सातव्या महिन्यात माहेरची आई सात प्रकारचं रांधून, टोपलीत भरून, डोक्यावर घेऊन लेकीच्या सासरी जाते. लेक आधी सातही चाखते, मग घर खातं, मग टोला खातो. ज्या पोरीची सधौरी होत नाही तिच्याबद्दल बायका वर्षानुवर्षं बोलतात.

तळ्यावर सुखबतीनं विषय काढलाच. "केंवराचं काय गं? काकी तर तिची फिरकायची नाही. मग सधौरी कोण आणणार?"

"आणील कुणीतरी."

"कोण?"

"तिची आई."

"आई तर मेली ना तिची?"

"मेली ती मेली," मनटोरा कपडा आपटत म्हणाली, "एवढ्यावर जगातल्या आया संपल्या काय?"

म्हटलं खरं, पण तेल? सातातले निदान तीन तरी तळलेले हवेत, नाहीतर लोक म्हणतील उकडून आणलं. तिच्याजवळ चैताचा वाळलेला मोह राहिला होता, दोन पायली. तो ती कार्तिकासाठी धरून होती. तेव्हा भाव चढतो. ती मोह डोक्यावर घेऊन गावातल्या मोहरसाय शेठच्या दुकानात गेली. त्यानं मोहात हात घातला, हुंगला, तोंड वाकडं केलं.

"दमट आहे."

"चैतात वाळवलाय, शेठ. दात घालून बघा."

"अर्धा लिटर तेल, पावशेर गूळ, पावशेर उडीद. वर काही मागू नकोस."

"दोन पायल्या आहेत."

"मग ने परत. कार्तिकात ये."

तो तिच्याकडे न बघता दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला. मनटोरा उभी राहिली. चार गिऱ्हाइकं आली नि गेली, तरी ती उभी राहिली. शेवटी त्यानं मोह तराजूत ओतून घेतला आणि तेलाचं माप असं धरलं की वरचं बोटभर रिकामं. ते तिला दिसलं. तिनं बाटलीचं बूच घट्ट लावलं आणि घरी आली.

सधौरीच्या पिठासाठी तांदूळ जास्त लागायचा, म्हणून आदले दोन दिवस तिनं दुपारीही वेचलं. मग तांदूळ भिजवला, निथळला, ढेकीत कुटला. ढेकीवर पाय मारता मारता तिच्या पोटऱ्या कापायला लागल्या. पिठाच्या वळ्यांचा फरा उकडला, मागून आणलेल्या दुधातला फरा वेगळा केला, धिरड्यासारखा चीला घातला, पानात गुंडाळून अंगाकरची जाड भाकर निखाऱ्यावर भाजली. हे चार बिनतेलाचे. मग गुळाचा अइरसा, तांदळाच्या पिठाच्या पुरीसारखा चौसेला आणि उडदाच्या वड्यासारखा बरा तळला. तळताना ती कढईशी अशी बसली होती की तेलाचा एक थेंब वाया जायचा असता तर तिनं हात पुढे केला असता.

संध्याकाळी तिनं धुतलेलं लुगडं नेसलं, टोपली डोक्यावर घेतली आणि मागच्या दारानं बाहेर पडली. परसातून गल्लीत, गल्लीतून वडाला वळसा, बुधियारिनच्या घरासमोरून आपल्या पुढच्या दारात. बायका दारादारात उभ्या राहून बघत होत्या. कुणी हसलं, कुणी नाही. बिसौहा दोर टाकून उभा राहिला, गुडघा धरून, आणि विहिणीशी बोलावं तसं गंभीरपणे म्हणाला, "या समधिन. वाट लांबची झाली, दमला असाल."

"दमले तर. पाणी द्या," मनटोरा म्हणाली.

केंवरानं पाण्याचा लोटा पुढे धरला. तिनं सातही चाखले. अइरसा तोंडात घेऊन ती बराच वेळ चावत राहिली आणि मग एकदम मनटोराच्या पायाशी बसून मोठ्यानं रडायला लागली. बायकांनी त्यावर गाणं धरलं. त्या रात्री टोल्यात प्रत्येक घरी चौसेल्याचा एक तरी तुकडा गेला. सुखबतीनंही खाल्ला, आणि नाव ठेवायला तिला काही सापडलं नाही.

अश्विन लागला आणि दुलारी पुन्हा आली. मनटोरा तिची वाटच बघत होती. तिनं खाट टाकली, पाणी दिलं, स्वतःहून केंवराचा हात धरून पुढे केला. दुलारीनं टोचलं. केंवराचं बोट दाबून दाबून थेंब काढावा लागला.

दुलारीनं आकडा बघितला. यंत्र हलवलं. दुसरं बोट टोचलं. तोच आकडा.

"पावणेसात."

मनटोराला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "वाढलं ना?"

"उतरलं काकी."

"कसं उतरेल?" मनटोरा ओरडलीच. "तीन आठवडे मी काय घातलं नाही तिला? शेवग्याचा पाला रोज. डाळ. खेकडे, गोगलगायी. अंडं माझ्या नवऱ्यानं चाखलं नाही. विचार तिला! गोळ्या उलटून पडतात तिच्या, पण देतेच आहे मी. तुझं यंत्र बिघडलंय."

"पोटातलं सातव्यानंतर भरभर वाढतं. तेही ओढून घेतं रक्त," दुलारी म्हणाली. "आणि भात? भात किती खाते?"

"तिन्ही वेळ. तोही असा भात की तसा सरपंचाच्या घरीही नसेल. बघायचाय?" मनटोरा तरातरा आत गेली आणि सूप घेऊन आली. दुसऱ्या हातात बरणी. "एक एक दाणा वेचून शिजवते. हे बघ सगळं प्लॅस्टिक. एकही तिच्या पोटात जाऊ दिला नाही."

बरणी गळ्यापर्यंत भरली होती. दुलारीनं ती हातात घेतली. झाकण उघडलं, चार दाणे तळहातावर घेतले आणि त्यातला एक नखानं मोडून बघितला.

"काय गं?"

"काकी," दुलारी म्हणाली, "हे प्लॅस्टिक नाही."

"मग?"

"तांदळाच्याच पिठाचे दाणे आहेत. त्यात लोह मिसळलेलं असतं, औषध म्हणून. रक्तासाठी. मी आषाढातल्या सभेत सांगितलं होतं सगळ्यांना, पण कुणाला पटलं नाही. तुम्ही त्या दिवशी रोपणीला गेला होता."

मनटोरा उभीच होती. सूप तिच्या हातात होतं.

"आणि तुमच्या भातातले?" दुलारीनं विचारलं.

उत्तर बिसौहानं दिलं. "आमचा कोण वेचतो. आम्ही तसाच खातो."

मनटोरा हळूच खाली बसली, सूप जमिनीवर ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर उलटे टाकून त्यांच्याकडे बघत राहिली. राखेनं फाटलेले हात, अंगठ्याजवळ खेकड्यानं तोडल्याचा वण. घरात तीन माणसं होती. दोघांना औषध पोचलं होतं, ज्यांना नको होतं त्यांना. जिला हवं होतं तिच्या ताटातून मनटोरानंच ते नखानं काढून टाकलं होतं, दिवसाला दोन घटका बसून.

"एवढ्यानंच झालं असं नाही काकी," दुलारी घाईनं म्हणाली. "गोळी पोटात ठरत नाही ते मोठं कारण. ते मी आधीच बघायला पाहिजे होतं. तुम्ही पाला घातला, अंडं घातलं, नाहीतर अजून उतरलं असतं."

"गोड बोलू नकोस," मनटोरा म्हणाली. "पुढचं सांग."

पुढचं साधं होतं. सोमवारी सरकारी गाडी येईल. जिल्ह्याच्या दवाखान्यात दोन दिवस राहायचं. बाटली चढवावी लागेल. आणि एका बाटलीमागे घरच्या कुणीतरी एक बाटली द्यावी, म्हणजे बरं पडतं. रक्ताचा गट जुळला नाही तरी चालतो, ते बदलून देतात.

"मी देतो," बिसौहा म्हणाला आणि उठायला गेला. गुडघ्यानं त्याला निम्म्यातच खाली बसवलं.

"काका, तुमचं वय निघून गेलंय."

मनटोरानं आपला हात दुलारीसमोर धरला. "माझं बघ."

"काकी, तुमच्या अंगात काय आहे? वजन तरी भरेल का?"

"तू बघ तर. तिच्या वाट्याचं सगळं मीच खाल्लंय. असेल तर माझ्यातच असेल."

दुलारीनं नवी सुई काढली. मनटोराच्या बोटाची कातडी इतकी जाड की सुई दोनदा मारावी लागली. थेंब मात्र लगेच वर आला, गडद. बिसौहा मान पुढे काढून बघत होता. यंत्रानं वेळ घेतला.

"साडेबारा," दुलारी म्हणाली. मग हळूच, "चालतं."

"मग झालं," मनटोरा म्हणाली आणि बोट पदराला पुसलं. "सोमवारी मी येते."

दुलारी गेली. संध्याकाळी चुलीवर एकच भांडं चढलं. तिघांनी त्यातलंच खाल्लं. बिसौहानं थट्टा करायचा एकदा प्रयत्न केला, "आज मला सुनेच्या पंगतीला बसवलंस," पण कुणी हसलं नाही.

सकाळी मनटोरा उठली, ओसरी झाडली, सूप घेतलं, तांदूळ ओतले आणि रोजच्या जागी बसली. एक पाय लांब, एक दुमडलेला. तिचं नख एका पिवळट दाण्याशी गेलं, त्याला उचललं आणि तसंच थांबलं. शेजारी बरणी नव्हती. तिनं दाणा परत सुपात टाकला. दुसरा दिसला. तिसरा. किती सहज दिसायचे तिला ते आता! एवढी नजर तिनं आयुष्यात कशावर कमावली नव्हती.

केंवरा चौकटीला टेकून उभी होती.

"दाई."

"काय?"

"मला माहीत होतं."

मनटोरानं मान वर केली नाही. "काय माहीत होतं?"

"ते प्लॅस्टिक नाही ते. आश्रमशाळेत आमच्या भातात यायचे. बाईंनी सांगितलं होतं, वेचू नका म्हणून. सगळं नीट आठवत नव्हतं, पण चांगले असतात एवढं आठवत होतं."

सुपातला हात थांबला. "मग मुकी होतीस काय? तीन महिने मी मान मोडून घेतली. तुझं रक्त जात होतं, तुला कळत होतं, आणि तू तिथं उभी राहून बघत होतीस?"

"मला वाटलं दोन दाण्यांनी काय होणार आहे."

"आणि बोलायला काय झालं होतं?"

केंवरा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागली. मग तिनं जे सांगितलं ते इतक्या हळू सांगितलं की बिसौहानं दोर वळायचं थांबवलं.

"काकाच्या घरी माझं ताट कुणी बघितलं नाही कधी. शाळेतही नाही. तुम्ही रोज सकाळी एवढा वेळ फक्त माझ्यासाठी बसायचा. सांगितलं असतं तर तुम्ही उठून गेला असता."

मनटोरानं सूप बाजूला ठेवलं. उठायला तिला वेळ लागला, गुडघ्यावर हात टेकून उठली. सुनेजवळ गेली आणि तिच्या पाठीत एक धपाटा घातला. हलकाच, पोट सांभाळून.

"अक्कलशून्य पोर," ती म्हणाली. "एवढ्यासाठी जीव देणार होतीस?"

केंवरा रडत होती आणि मान हलवत होती, हो की नाही ते कळत नव्हतं. मनटोरानं तिला दंडाला धरून ओसरीवर आणलं, भिंतीला टेकून बसवलं, पाठीमागे घोंगडी दिली. मग स्वतः बसली, सूप दोघींच्या मधे ओढलं.

"खडे तरी आहेत ना त्यात," ती म्हणाली. "बस इथं."